व्यायाम तुमच्या अंगी किती लागतो? बारा आठवड्यांत स्वतःच तपासायची पद्धत

हेरिटेज फॅमिली स्टडी या मोठ्या अभ्यासात ९८ कुटुंबांतल्या, व्यायामाची सवय नसलेल्या ४८१ जणांकडून २० आठवडे स्थिर सायकलवर व्यायाम करून घेतला होता. प्रत्येकाचा जोर त्याच्या नाडीवरून ठरवलेला, आणि सगळं देखरेखीखाली. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सरासरीने मिनिटाला ४०० मिलीलिटरने वाढली होती. पण काहींची जवळजवळ वाढलीच नाही आणि काहींची एक लिटरहून जास्त वाढली. या फरकातला जवळपास निम्मा वाटा जनुकं आणि घरातली एकत्र राहणी यांचा निघाला.

म्हणून "तीन महिन्यांत इतका फरक पडतो" असं कुणी सांगितलं, तर तो आकडा सरासरीचा आहे, तुमचा नाही. तुमचा आकडा काढायचा एकच मार्ग आहे: आधी मोजा, नेमानं व्यायाम करा, परत मोजा. घरच्या घरी, फारशी साधनं न वापरता हे कसं करायचं ते पुढे दिलं आहे.

१. आधी डॉक्टरांना कुणी विचारायचं

पुढचं काहीही लागू होत असेल तर मोजणीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका:

- चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखतं, आवळल्यासारखं होतं
- चक्कर येऊन शुद्ध हरपली आहे, किंवा छातीत अनियमित धडधड होते
- हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार आहे, किंवा दमा आटोक्यात नाही
- जवळच्या नात्यात कुणाला तरुण वयात अचानक हृदयविकाराने मृत्यू आला आहे
- गरोदरपण आहे किंवा नुकतंच बाळंतपण झालं आहे
- सांधा किंवा मणका व्यायामाने आणखी दुखेल अशी शंका आहे

बसल्या जागी रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून जास्त भरला तर त्या दिवशी व्यायाम नाही. आधी उपचार.

यातलं काहीच नसेल तर साध्या चालण्यापासून सुरुवात करायला सहसा कसली परवानगी लागत नाही. धोका बहुतेकदा असतो तो वर्षानुवर्षं बसून राहिलेल्या माणसाने पहिल्याच आठवड्यात जिवाच्या आकांताने धावण्यात.

२. जवळ काय हवं

साधनं: सेकंद दाखवणारं घड्याळ, मोजपट्टी, दंडाला लावायचं रक्तदाबाचं यंत्र, वजनकाटा, सुमारे ४३ सेंटीमीटर उंचीची बिनहाताची पक्की खुर्ची आणि एक वही. मनगटी घड्याळ असेल तर ठीक, पण त्यातल्या खर्च झालेल्या कॅलरींच्या आकड्यावर विसंबू नका, तो पुष्कळदा बराच चुकतो.

कागद: रक्तातली उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल आणि हिमोग्लोबिन यांचे अलीकडचे अहवाल, चालू औषधांची मात्रेसकट यादी, जुन्या शस्त्रक्रिया किंवा दुखापतींचे कागद. औषधांची यादी विसरू नका. तिच्यामुळे पुढची निम्मी गणितं बदलतात.

३. पहिली मोजणी

हा टप्पा लोक सर्वांत जास्त गाळतात, आणि सगळा हिशेब बिघडतो तो इथेच. यासाठी एक पूर्ण आठवडा राखून ठेवा. त्या आठवड्यात नवा व्यायाम सुरू करायचा नाही.

विश्रांतीची नाडी. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच, उठण्याआधी, पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. तीन दिवसांची सरासरी लिहा.

रक्तदाब. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं शांत बसा. दंड हृदयाच्या उंचीवर हवा. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. असं सात दिवस करा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि उरलेल्यांची सरासरी काढा. व्यायामानंतर काही तास रक्तदाब उतरलेला असतो, त्यामुळे व्यायाम आटोपून लगेच मोजलेला आकडा गोड असला तरी खरा नव्हे.

कंबर. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडून झाल्यावर. पोट आत ओढायचं नाही.

दम. मोजून आखलेल्या ३० मीटरच्या सपाट पट्ट्यावर सहा मिनिटं जमेल तितक्या भरभर चाला, धावू नका, आणि एकूण अंतर लिहा. पहिल्यांदा चालताना वेगाचा अंदाज नसतो, म्हणून अर्धा तास थांबून पुन्हा चाला आणि दोन्हींतलं जास्त अंतर धरा. मुळातच चपळ असाल तर ही चाचणी तुमच्यासाठी फार सोपी आहे, कारण चालण्याच्या वेगाला मर्यादा असते. अशांनी १२ मिनिटं धावून किती अंतर कापलं ते मोजावं.

ठरावीक चालीची नाडी. दीड किलोमीटरचा एकच रस्ता बरोबर १८ मिनिटांत चाला, म्हणजे ताशी ५ किलोमीटर. थांबल्याबरोबर १५ सेकंद नाडी मोजून चारने गुणा. इथे मात्र १५ सेकंदच, कारण थांबताच नाडी झपाट्यानं उतरायला लागते. दम वाढू लागला की तेवढ्याच चालीला कमी ठोके लागतात. माझ्या मते घरी करता येण्यासारखी ही सगळ्यांत बोलकी मोजणी आहे.

पायांची ताकद. खुर्ची भिंतीला टेकवा म्हणजे मागे सरकणार नाही. हातांची घडी छातीवर. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता ते मोजा. गुडघे सरळ झाले तरच ते उठणं धरायचं. वेळ संपताना अर्ध्याहून जास्त उठला असाल तर तेही मोजा. हाताचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य. ६० ते ६४ वयात पुरुषांसाठी १४ पेक्षा आणि स्त्रियांसाठी १२ पेक्षा कमी हा आकडा कमकुवत समजतात.

आता महत्त्वाचं. दम, चालीची नाडी आणि खुर्ची या तिन्ही चाचण्या त्याच आठवड्यात दोन वेगवेगळ्या दिवशी करा. समजा, खुर्चीवरून एका दिवशी १३ वेळा उठलात आणि दुसऱ्या दिवशी १५ वेळा. कसलाही व्यायाम न करता दोनचा फरक पडतोच आहे. ही तुमच्या मोजणीची चढउतार. बारा आठवड्यांनी १६ आले तर १५ च्या मानाने एकचा फरक पडला, तो काही धरता येत नाही. १९ आले तर धरता येतो.

वेळ, बूट, रस्ता, चहा-कॉफी, आदल्या रात्रीची झोप हे सगळं वहीत लिहा. दुसरी मोजणी अगदी तशाच परिस्थितीत करायची आहे.

४. व्यायामाचा जोर ठरवणं

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा, आणि किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. पण "मध्यम" म्हणजे काय, हे प्रत्येकाचं वेगळं. एकाला ताशी ५ किलोमीटर चालणं फिरायला गेल्यासारखं वाटतं, दुसऱ्याला तेवढ्यानेच धाप लागते.

नाडीवरून काढायचं तर असं करा:

- कमाल नाडी = २०८ वजा (वयाच्या ०.७ पट)
- राखीव ठोके = कमाल नाडी वजा विश्रांतीची नाडी
- मध्यम व्यायाम = विश्रांतीची नाडी अधिक राखीव ठोक्यांचे ४० ते ५९ टक्के
- जोरकस व्यायाम = ६० टक्क्यांपासून वर

उदाहरणार्थ, वय ४५ आणि विश्रांतीची नाडी ७२. कमाल सुमारे १७६, राखीव १०४. मध्यम व्यायाम ११४ ते १३३ ठोक्यांमध्ये बसतो.

इथे एक खोच आहे. सूत्राने काढलेली कमाल नाडी आणि प्रत्यक्षातली नाडी यांत दहा-बारा ठोक्यांची तफावत सहज असते. म्हणून जोडीला बोलून बघा. व्यायाम करताना सलग वाक्यं बोलता येतात पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोरकस. नाडी आणि बोलणं यांचं जुळलं नाही तर बोलण्यावर विश्वास ठेवा.

रक्तदाब किंवा हृदयविकारासाठीची अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशी औषधं नाडी पुरेशी वाढूच देत नाहीत. ती चालू असतील तर वरचं सूत्र अजिबात वापरू नका, फक्त बोलून बघण्याची कसोटी वापरा. सूत्राचा आकडा गाठायच्या नादात माणूस झेपण्यापलीकडे जातो.

५. बारा आठवड्यांची आखणी

- आठवडे १–२: पाच दिवस, रोज २० मिनिटं मध्यम. ताकदीचे दोन दिवस, प्रत्येक प्रकाराचा एक सेट.
- आठवडे ३–४: रोज २५ मिनिटं, दोन सेट.
- आठवडे ५–८: रोज ३० मिनिटं, दोन सेट.
- आठवडे ९–१२: रोज ३५ ते ४० मिनिटं, तीन सेट. पाचांपैकी एका दिवशी एक मिनिट जोरात, दोन मिनिटं हळू अशी चार आवर्तनं.

ताकदीसाठी सहा प्रकार पुरेत: खुर्चीवरून उठबस, भिंतीवर किंवा जमिनीवर जोर काढणं (पुश-अप), वजन किंवा रबरी पट्टा स्वतःकडे ओढणं, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकून वजन उचलणं, टाचा उचलणं आणि दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं. मोजून करायच्या प्रकारांना एका सेटमध्ये दहा वेळा. वजन असं निवडा की दहा झाल्यावर आणखी दोनच जमले असते. सगळ्या सेटमध्ये बारा जमायला लागले की वजन वाढवा, हातांसाठी एक-दोन किलो, पायांसाठी दोन ते पाच. जोर लावताना श्वास सोडा. श्वास कोंडून वजन उचललं की रक्तदाब एकदम उसळतो.

या बारा आठवड्यांत दुसरं काही नवीन सुरू करू नका. ना नवा आहार, ना पावडरी. सगळं एकदम बदललं तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही. डॉक्टरांनी औषध बदललं तर तारीख लिहून ठेवा. चुकलेले दिवसही प्रामाणिकपणे लिहा. "मला व्यायाम लागू पडत नाही" म्हणणाऱ्यांच्या वह्या पाहिल्या तर ठरलेल्यातला बराच व्यायाम झालेलाच नसतो.

६. कुठला बदल कधी दिसतो

पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातलं द्रवाचं प्रमाण वाढतं आणि व्यायामातली नाडी थोडी उतरते. उष्ण हवेत व्यायाम करत असाल तर तिची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर जोर कमी ठेवा. पहिल्या महिन्यात ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना नीट कामाला लावू लागते म्हणून. स्नायू नजरेत भरण्याइतके वाढायला साधारण सहा-आठ आठवडे लागतात. स्नायूंतली ऑक्सिजन वापरण्याची यंत्रणा चार-सहा आठवड्यांत सुधारते.

हाडं आणि स्नायुबंध मात्र सगळ्यांत मागे, त्यांना कित्येक महिने लागतात. दुखापती होतात त्या याच तफावतीत. पाचव्या-सहाव्या आठवड्यात दम वाढलेला असतो, मन म्हणतं अजून धावू या, आणि घोटा, टाच, नडगीचं हाड अजून तयार नसतं. नडगीवर एका बोटाने दाबलं असता एकाच ठिकाणी कळ येत असेल तर धावणं थांबवा आणि दाखवून घ्या.

नव्या व्यायामानंतर अंग दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं आणि ओसरतं, त्याची चिंता नको. पण दुखणं असह्य असेल, स्नायू सुजले असतील आणि लघवी कोलासारखी गडद होत असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण असते.

७. दुसरी मोजणी

बारा आठवड्यांचे ८४ दिवस होतात. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची साखर दाखवतं, म्हणून हा कालावधी त्याला बरोबर जुळतो. ज्यांना पाळी येते त्यांनी दोन्ही मोजण्या पाळीच्या त्याच टप्प्यावर कराव्यात, कारण वजन आणि नाडी दोन्ही त्यानुसार हलतात.

रक्त देण्याआधी आठवडाभर जड वजनं उचलू नका. जड व्यायामानंतर स्नायूंतून एएसटी, एएलटी ही विकरं रक्तात येतात आणि अहवाल यकृत बिघडल्यासारखा दिसतो. निष्कारण घबराट आणि पुढच्या तपासण्या यामुळे टळतात.

आता आकडे शेजारी शेजारी मांडा आणि प्रत्येकाचा वेगळा विचार करा. दम वाढला म्हणून साखर उतरेलच असं नाही, आणि कंबर हलली नाही म्हणून रक्तदाब हलला नसेल असंही नाही. एकाच शरीरात काही आकडे भरभर सुधारतात, काही अडून बसतात. नुसता वजनकाटा पाहून निर्णय घेणं ही सगळ्यांत महागडी चूक आहे. व्यायामाने भूक वाढते, उरलेल्या दिवसात माणूस नकळत कमी हलतो, थोडा स्नायूही वाढतो. काटा तिथेच राहतो आणि तोवर पायांत, हृदयात, रक्तवाहिन्यांत बरंच चांगलं होऊन गेलेलं असतं.

८. आकडा हललाच नाही तर

आधी वही उघडा: ठरल्यापैकी किती दिवस झाले? मग झोप बघा. मग हिमोग्लोबिन. रक्त कमी असेल तर दम वाढायला जागाच राहत नाही, आणि पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या स्त्रियांत हे वारंवार सापडतं. थायरॉइडची तपासणीही करून घेण्यासारखी आहे.

हे सगळं ठीक असेल तर मात्रा वाढवा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी प्रौढांचे पाच गट करून त्यांना सहा आठवडे, आठवड्याला १ ते ५ तास सायकलिंग दिलं. एक तासवाल्या गटातल्या ६९ टक्के लोकांत फरक दिसला नाही. चार आणि पाच तासवाल्या गटांत असा एकही उरला नाही. ज्यांना फरक पडला नव्हता त्यांना पुढचे सहा आठवडे दर आठवड्याला दोन तास जास्त दिल्यावर त्यांच्यातही सुधारणा दिसली. तेव्हा "माझं शरीरच तसं" हा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. आधी मिनिटं वाढवा, मग जोर, आणि तरीही नाही तर प्रकार बदला. एका वेळी एकच गोष्ट, आणि तिला सहा आठवडे द्या.

लाळेच्या जनुकीय चाचणीवरून "तुम्हाला कुठला व्यायाम मानवेल" सांगणाऱ्यांवर पैसे घालवू नका. आज तरी अशा चाचणीपेक्षा तुमची वही जास्त सांगते.

९. वय, गरोदरपण, आजार: कुणी काय बदलायचं

साठीच्या पुढे. ताकदीचा व्यायाम इथे गाळायचा नसतो, इथेच तो सर्वांत जास्त लागतो. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा जड व्यायाम दिला आणि तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. स्नायू सावरायला वेळ जास्त लागतो, म्हणून ताकदीच्या दोन दिवसांमध्ये ४८ ते ७२ तास ठेवा. आठवड्यातून तीनदा तोलाचा सराव करा: भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं, एका रेषेत टाचेला चवडा लावून चालणं.

मधुमेह. साखरेवरचा परिणाम एक ते तीन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवसांहून जास्त खंड नको. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर आधी साखर तपासा. ९० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ खाऊन सुरू करा. २५० च्या वर असून लघवीत कीटोन सापडले तर व्यायाम नको. डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेला असेल तर ताण देऊन जड वजन उचलणं डॉक्टरांनी मान्य करेपर्यंत बंद. रोज रात्री तळपाय बघा.

उच्च रक्तदाब. वरचा आकडा नियमित व्यायामाने सरासरी पाच ते आठने उतरतो. तुमचा त्याहून कमी उतरेल किंवा जास्त. उतरला तरी गोळी स्वतःहून बंद करायची नाही, वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं.

स्त्रिया. स्नायूंचं एकूण प्रमाण कमी असलं तरी टक्क्यांत मोजलं तर ताकद पुरुषांइतकीच वाढते. व्यायाम वाढवल्यावर पाळी लांबली किंवा थांबली तर ते फिटनेसचं लक्षण समजू नका. खाणं खर्चाला पुरत नसल्याची ती खूण आहे, आणि त्याचे परिणाम हाडांवर होतात. गरोदरपणात डॉक्टरांची हरकत नसेल तर आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम चालतो. पहिल्या तिमाहीनंतर उताणं झोपून करायचे प्रकार टाळा.

५ ते १७ वयाची मुलं. रोज सरासरी ६० मिनिटं. त्यांचे आकडे वाढीच्या वयात आपोआप बदलतात, म्हणून बारा आठवड्यांचा हा हिशेब त्यांना लावू नका.

१०. खंड पडला तर

दम दोन ते चार आठवड्यांत उतरायला लागतो, ताकद त्याहून हळू. अंथरुणाला खिळलं तर उतार फार वेगाने होतो. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसला पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा त्या तीन आठवड्यांत दमात झालेली घट तीस वर्षांच्या वयाने झालेल्या घटीपेक्षा जास्त होती असं दिसलं.

वेळच मिळत नसेल तर दिवस किंवा मिनिटं कमी करा, जोर तोच ठेवा. आठवड्याला दोन दिवस नेहमीच्याच जोराने केले तर कमावलेला दम बरेच आठवडे टिकतो. दोन आठवड्यांहून जास्त खंड पडला असेल तर परतताना वजनं आणि मिनिटं निम्म्यावर आणा आणि दर आठवड्याला थोडी वाढवत न्या. ताप असेल तेव्हा व्यायाम नाहीच. ताप उतरल्यावर सकाळची नाडी नेहमीच्या आकड्याजवळ येईपर्यंत फक्त चाला. कुठल्याही टप्प्यावर छातीत दाब जाणवला, जबडा किंवा हात दुखू लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा न झेपणारी धाप लागली, तर तिथेच थांबा, बसा आणि तातडीची मदत बोलवा.